गाडी कशी आहे, या आपल्या प्रश्नास उत्तर

भाईंदर,
आश्विन वद्य चतुर्थी, शके १८६८

तीर्थस्वरूप यशवंतराव भावोजी यांच्या चरणी जगन्नाथाचा सप्तांग नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो. परंतु उजवा पाय सध्या फळीला बांधून पाटावर ठेवला आहे, तेव्हा त्याला वगळून बाकीचा मी आपल्यापुढे आडवा पडलो आहे असे समजावे. पायाचे पुढे येईलच.) आपली प्रकृती ठीक असावी. भुसावळचे ऊन आश्विनातही उतरत नाही असे ऐकतो, तरी मालधक्क्यावर जाताना डोक्याला फडके बांधावे आणि दुपारी ताक घ्यावे, असा आईचा निरोप आहे.

आपले पत्र काल पोचले. मी पाठवलेली तार मिळाल्याचे वाचून जीव भांड्यात पडला. पत्रात आपण चार प्रश्न विचारले आहेत. शकू कशी आहे? उत्तम आहे, माहेरी डिंकाचा लाडू खात बसली आहे. मुलगी कशी आहे? झोपली आहे, आणि जागी होते तेव्हा पलीकडच्या मुर्धे गावापर्यंत ऐकू जाते. आई कशा आहेत? आजी झाल्यापासून कोणाचे ऐकत नाहीत, पूर्वीही ऐकत नव्हत्या. चौथा प्रश्न, “आणि गाडी कशी आहे?” या प्रश्नाखाली आपण दोन रेघा मारल्या आहेत. (मुलीच्या प्रश्नाखाली एकही रेघ नाही, हे शकूच्या ध्यानात आले आहे. येताना काहीतरी चांगले घेऊन यावे.)

भावोजी, गाडी उत्तम आहे. पहिल्या किकला सुरू होते आणि रोज चालते. एवढेच लिहून मी पाकीट चिकटवणार होतो, पण आपण आल्यावर सायलेन्सरवरचा काळा डाग पाहणार, डागाचे कारण विचारणार, आणि मग एकेक गोष्ट ओढून बाहेर काढणार, हे मला ठाऊक आहे. त्यापेक्षा आपण होऊन सांगितलेले बरे. मी अजून पुरता सावरलेलो नाही. पाय पाटावर ठेवून वाकडा बसून लिहितो आहे, त्यामुळे अक्षर वाईट आले तर क्षमा असावी.

कल्याणच्या लष्करी लिलावातून घेतलेली ती खाकी फटफटी आपण ज्येष्ठात आमच्या ओटीवर आणून लावलीत तेव्हा दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, शकूला कळा सुरू झाल्या की गाडीने डोंगरीस जाऊन सबीनाबाय सुईणीला पाठीमागे बसवून आणायचे, कारण बैलगाडीचा भरवसा नाही, मिठागरातून जाणारा रस्ता पावसाने खाऊन टाकलेला असतो, आणि सबीनाबाय साठीच्या पुढे गेल्या आहेत. दोन, इंजिनाला कोणी हात लावायचा नाही. मी दोन्ही वेळा मान डोलावली होती. पण भावोजी, पहिली आज्ञा पाळायची म्हणून मला दुसरी मोडावी लागली. भाद्रपद संपता संपता गाडीचा दमच गेला. किक मारली की पाय लोण्यात गेल्यासारखा खाली जाई. मी डोंगरीच्या ह्युबर्टला बोलावले. ह्युबर्ट म्हणजे सबीनाबायचा भाचा, लढाईत चार वर्षे पलटणीच्या वर्कशॉपमध्ये होता. हल्ली सायकली, शिवणयंत्रे आणि चर्चचे घड्याळ दुरुस्त करतो. त्याने इंजिनाचे डोके खोलून पाहिले, तर धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह एका बाजूने जळून खाल्लेला. (त्याच्या भाषेत ‘वाल’. हा शब्द ऐकून आईने रात्री वालाची उसळ केली, यात तिची काही चूक नाही.)

व्हॉल्व्ह नवा बसला. ह्युबर्टने दोन दिवस मांडी घालून तो घासला, रॉकेल ओतून गळतो का पाहिले, सगळे अगदी मन लावून केले. पण बाजूचे झाकण काढल्यावर त्याला आतल्या दातेरी चाकाचीही झीज दिसली. तेव्हा दाते कानशीने नीट करायला दोन चाके बाहेर काढावी लागली, एक लहान आणि एक मोठे. ही दोन चाके एकमेकांत नेमक्या दातावर बसली तरच इंजिनाचे दरवाजे वेळेवर उघडतात आणि मिटतात. त्यालाच टायमिंग म्हणतात, हे मला आता झोपेतही सांगता येईल. कारखान्यातून येताना चाकांवर खुणेचे ठिपके असतात, पण पलटणीत कोणीतरी एक चाक बदललेले होते आणि त्यावर खूणच नव्हती. म्हणून चाके काढण्यापूर्वी ह्युबर्टने होडीला लावायच्या तांबड्या रंगाचा एकेक ठिपका दोन्ही चाकांवर दिला, जुळणाऱ्या दातांशी. मग चाके पितळी ताटात ठेवली, वर फडके घातले आणि झाकणाला लावायचा जाड कागद आणायला तो काशीमीऱ्याला गेला. म्हणाला, दोन दिवसांनी येतो, ताटाला हात लावू नका.

भावोजी, त्या दोन दिवसांत दसरा आला.

आपल्याकडे दसऱ्याला काय होते ते आपण जाणताच. मिठागरावरची फावडी पूजली, माझी दौत-लेखणी पूजली, विळी, पाटा, आपल्या सासऱ्यांची जुनी बंदूक (तिला घोडा नाही, आणि सासरे मिठाच्या व्यापाराला घाटावर गेलेले), सगळे पूजले. आणि ओटीवर ताटात, वर फडके घातलेली, गाडीच्या पोटातली दोन चाके आयतीच मांडून ठेवलेली होती. जावयाची गाडी, पहिला दसरा, आणि ती लेकीसाठी धावणार! त्यांना बाजूला ठेवून पूजा करणे आमच्या घरात कोणाच्या मनातही आले नसते. झाले असे की, पूजेपूर्वी घरातील कोणीतरी (कोणी, ते आता विचारू नये) ती चाके चिंच आणि राख लावून काथ्याने लखलखीत घासली. ह्युबर्टचा रंग अजून ओलाच असावा, तो गेला. मग आईने स्नान करून, तेलात कुंकू कालवून, लहान चाकावर एक आणि मोठ्या चाकावर एक असे दोन गोल, सुबक ठिपके लावले. तिच्या हाताचे कुंकू कसे रेखीव असते हे आपण लग्नात पाहिलेच आहे. झेंडूची दोन फुले वाहिली, अक्षता टाकल्या. मी स्वतः नमस्कार केला. एकाच्याही डोक्यात लख्ख उजेड पडला नाही.

एकादशीला ह्युबर्ट आला. त्याने फुले बाजूला केली, ताट कपाळाला लावले (तो रविवारी न चुकता मिस्साला जातो, पण दुसऱ्याच्या घरच्या पूजेला मान देतो) आणि पाहतो तो दोन चाके, दोन तांबडे ठिपके. त्याने ठिपक्याशी ठिपका जुळवला, झाकण लावले, नट आवळले आणि मला किक मारायला सांगितली.

मी किक मारली. त्यानंतर काय घडले हे मला इतरांकडून कळले. किकने मला उलटी किक मारली. मी ओटीवरून उडून अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांच्या परातीत पडलो आणि गाडीने कार्बोरेटरच्या तोंडातून हातभर जाळ काढला. आवाज असा झाला की शेजारच्या दगडूकाकांनी लढाई परत सुरू झाली म्हणून दारे लावून घेतली. माझा घोटा टम्म सुजला. आईची बोबडी वळली. शकू तेवढी हसली, आणि हसता हसता पोट धरून मटकन खाली बसली. मी लंगडत तिच्यापाशी गेलो. दिवस भरायला अजून तीन आठवडे आहेत असे आपले गणित होते. (आपण ते भिंतीवरच्या पंचांगात निळ्या पेन्सिलीने दिवाळीच्या पाडव्यावर लिहून गेला आहात. आपली मालगाडीची वेळापत्रके असतील बरोबर. हे गणित चुकले.) त्या वेळी कळा नव्हत्या, पण मला कळून चुकले की गाडी आता हवी, पाडव्याला नव्हे.

पुढचे दोन दिवस ह्युबर्ट गाडीसमोर बसून होता. त्याचा संशय ठिणगीवर. ठिणगी लवकर पडते म्हणून गाडी लाथ मारते, असे त्याचे म्हणणे. तो प्लग काढी, भोकातून सायकलची तार घालून आतला दट्ट्या वर आला का पाही, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या फटीत विडीच्या पुडक्याचा पातळ कागद धरी, कागद सुटला की तिथे खूण करी, परत सगळे बांधी, आणि गाडी परत जाळ काढी. ठिणगी पुढे घेतली तर लाथ, मागे घेतली तर सायलेन्सरमधून तोफ. (काळा डाग तो हा.) मी एकदा भीत भीत विचारले की, बाबा रे, ती आतली चाके पुन्हा पाहावीत का? तर त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याच्या आईला नावे ठेवली असावीत. “ठिपका मी सोता दिलाय, जगूशेट. ठिपका खोटा बोलत न्हाय.” आणि खरे सांगतो, मलाही ते पटले. दोन ठिपके डोळ्यांना दिसत होते. याहून जास्त पुरावा कोणाला हवा असतो?

त्रयोदशीला सकाळी सबीनाबाय शकूला तपासायला आल्या, डोंगरीहून चालत, गुडघ्यापर्यंत चिखल. आत जाऊन त्यांनी शकूच्या पोटावर ती लाकडी नळी लावून बराच वेळ ऐकले. (मिशनच्या दवाखान्यातील एका सिस्टरने दिलेली, कर्ण्यासारखी. याच नळीने त्यांनी आईच्या पोटात शकूला आणि मलाही ऐकले होते, म्हणून मला त्या अजून अरेतुरे करतात.) बाहेर आल्या, पाय धुतले, आणि आपला भाचा डोक्याला हात लावून बसलेला पाहिला. काय झालं विचारले. ह्युबर्टने सांगितले. सबीनाबायनी काय करावे? त्या खाली बसल्या, लुगड्याचा पदर खोचला आणि ती नळी आपल्या इंजिनाला लावली!  आई दारात येऊन थिजली. सबीनाबायनी ह्युबर्टला मागचे चाक हाताने हळूहळू फिरवायला लावले. एक ओला तळवा त्यांनी हवा आत घेणाऱ्या तोंडावर धरला, दुसरा धूर सोडणाऱ्या भोकावर. डोळे मिटले. 

मग म्हणाल्या, “याचा दम उलटा हाय. घ्यायचा तवा सोडतंय, न् सोडायचा तवा घेतंय. कोनी आत हात घातला?”

ह्युबर्ट ठिपक्याची गोष्ट सांगू लागला. त्यांनी ती पुरी ऐकूनच घेतली नाही, झाकण काढ म्हणाल्या. झाकण निघाले. त्यांनी लहान चाकावरच्या ठिपक्यावरून बोट फिरवले, बोट नाकाशी नेले, आणि मग एकदा चाकाकडे, एकदा आईच्या कपाळाकडे पाहिले.   आई मटकन खाली बसली. ह्युबर्ट तर पांढराफटक पडला. दोन दिवस तो कुंकवाच्या भरवशावर टायमिंग जुळवत होता! मी कुठे पाहावे ते न कळून छताकडे पाहिले. तिथून पाल चुकचुकली.

आता खूण गेली ती गेलीच. ती परत कशी मिळवायची? तेही सबीनाबायच्याच बोलण्यातून निघाले. त्या म्हणाल्या, सोडलेला दम संपतो आणि नवा सुरू होतो त्या घटकेला दोन्ही दारे किलकिली असतात, तिथेच धर. ह्युबर्टच्या चेहऱ्यावर रक्त परत आले. पलटणीत त्याला हेच शिकवले होते म्हणे, पण तिथे त्याला इंग्रजी नाव होते, म्हणून आठवले नाही. त्याने दट्ट्या अगदी वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह सारखे जरा उचललेले राहतील असा मोठ्या चाकाचा दात हुडकला, चाक बसवले. ठिणगी परत विडीच्या कागदाने लावली. दुपारी जेवणापूर्वी गाडी पहिल्या किकला सुरू झाली. जाळ नाही, लाथ नाही, आवाज असा गोल की आई आत जाऊन देवापुढे साखर ठेवून आली. ह्युबर्टने झाकण लावण्यापूर्वी दोन्ही दातांवर छिन्नीने खूण ठोकली आणि म्हणाला, आता काय घासायचं ते घासा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शकूला कळा सुरू झाल्या.

भावोजी, माझा घोटा भोपळ्याएवढा. दगडूकाकांना फटफटी म्हणजे भूत. ह्युबर्ट उत्तनला कोणाच्या शिवणयंत्रासाठी गेलेला. कोणी चालत डोंगरीला जाणार आणि सबीनाबाय चालत येणार म्हणजे दुपार. मी गाडीवर बसलो खरा, पण किक उजव्या पायाची, आणि तो पाय जमिनीला टेकत नव्हता. तेव्हा आपल्या सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यात सायकललाही हात लावलेला नाही, नऊवारीचा काष्टा आवळला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि किक मारली. पहिल्या किकला! मला वाटते त्या क्षणापासून आई माझ्याशी निराळ्या आवाजात बोलते. गिअरही उजव्याच पायाचा, म्हणून मी एकदाच दात-ओठ खाऊन दुसरा टाकला आणि डोंगरीपर्यंत दुसऱ्यातच गेलो. मुर्ध्याला चिखलात घसरलो, राई गावाशी एका म्हशीने वाट दिली नाही, तिच्या बाजूने बांधावरून गेलो. सबीनाबायच्या दारात इंजिन बंद केले नाही. बंद केले असते तर किक मारायला आई डोंगरीस नव्हती. सबीनाबायनी नळी पदराला बांधली, क्रुसाची खूण केली, आणि पुरुषासारख्या दोहींकडे पाय टाकून मागे बसल्या. सबंध रस्ताभर त्या एकच शब्द बोलल्या, “हान.”

पाऊण तासात जाऊन-येऊन झाले. पुढचे मी ओटीवर बसून ऐकले, आणि ऐकू नये ते ऐकले. आधी शकूचा आवाज, मग सबीनाबायचा, आणि मग कोणाचाच नाही.  नाळेचे दोन वेढे बाळाच्या गळ्याला बसले होते. सबीनाबायनी ते बोटाने सोडवले, बाळाला उलटे धरले, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. मग आपली मुलगी रडली. मीही रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. नंतर बाहेर येऊन हात धुताना सबीनाबाय एवढेच म्हणाल्या की आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते.

तर अशी आपली गाडी. तिला घातलेले सर्व तेल कारणी लागले आहे असे समजावे आणि माझ्यावर राग धरू नये. बारशाला रजा मिळाल्यास कळवावे. आईचे आशीर्वाद. शकूने काही सांगितले नाही, ती स्वतंत्र लिहील म्हणते.

आपला एकपायी मेहुणा,
जगन्नाथ

ता. क. — चाके चिंच-राखेने घासणारा ‘घरातील कोणीतरी’ मी होतो. आई मला नको म्हणाली होती. मला वाटले, चाकांवर तांबडे काहीतरी लागले आहे, पूजेला बरे दिसत नाही. हे आईला ठाऊक आहे, ह्युबर्टला नाही. त्याला कृपा करून सांगू नये. तो छिन्नी घेऊन येईल.

आणखी ता. क. — गाडी उत्तम आहे आणि रोज चालते असे मी वर लिहिले ते खरेच आहे. कुठे चालते, ते लिहायचे राहिले. ती डोंगरीस आहे. बाळ रडल्यावर आईने सुईणीची ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ. मी मात्र भरात येऊन म्हणालो की सबीनाबाय, यशवंतरावांच्या वतीने सांगतो, मागाल ते देतो. त्या म्हणाल्या, “मग मना ती गाडी दे.” आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत. पदराने हात पुसत राहिल्या. “चैत्रान गोराईला पहिलटकरीन व्हती. असाच गळ्यान वेढा. मी चालत गेले. मी पोचले तवा पोर निळं व्हतं.” यावर काय बोलायचे ते मला सुचले नाही. आपणास सुचेल तर परतटपाली कळवावे. ह्युबर्ट त्यांना मागे बसवून नेतो. या पाच दिवसांत चार घरी वेळेत पोचल्या. तेव्हा कृपा करून गाडीचे कागद सबीनाबायच्या नावे सही करून धाडावेत, आणि आपल्याकडे पेट्रोलची कुपने शिल्लक असतील तर तीही, कारण त्यांची संपत आली आहेत. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण एवढेच.

(जगूने पत्र वाचून दाखवले. खाली मी लिहिते. गाडी द्यायला मीच आतून ओरडून सांगितले, तो तर गप्पच बसला होता. तुमच्या मुलीच्या गळ्याला अजून दोन पुसट वळ दिसतात. या, आधी ते पाहा. मग गाडी परत मागायची असली, तर तुम्ही स्वतः डोंगरीला जाऊन मागा. — शकू)